हाडावरचा चंद्र

अलेक्झांडर मार्शॅक ना पुरातत्त्वज्ञ होते, ना खगोलशास्त्रज्ञ. होते पत्रकार. माणूस चंद्रावर जायला निघाला तो कुठल्या वाटेने, हे सांगणारं पुस्तक ते ‘नासा’साठी लिहीत होते. १९६२च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांना इशांगोचं हाड भेटलं आणि ते पुस्तक मागे पडलं. जाँ द हाइन्झेलिन यांना काँगोत एडवर्ड सरोवराकाठी १९५० साली सापडलेल्या त्या हाडावर खाचांचे गट आहेत. एका रांगेत ११, १३, १७, १९. हाइन्झेलिनना त्यात गणिताचा खेळ दिसला, मार्शॅकना चंद्राच्या कला.

तेव्हापासून मार्शॅक भिंग घेऊन युरोपातली संग्रहालयं पालथी घालत राहिले. या माणसाने मला कित्येक वर्षं झपाटलं आहे ते त्या चिकाटीमुळे. त्यांचा लाडका पुरावा म्हणजे फ्रान्समधल्या आब्री ब्लांशारची हाडाची पट्टी. तीस हजारांहून अधिक वर्षं जुनी, तळहातात मावेल एवढी. तिच्यावर नागमोडी ओळीत ६९ खुणा. मार्शॅक म्हणाले, या कोरताना २४ वेळा हत्याराचं टोक किंवा हाताची ओढ बदलली आहे. म्हणजे त्या एका बैठकीतल्या नाहीत, ही सव्वादोन महिन्यांची चंद्रनोंद आहे. १९७२च्या ग्रंथाने ते जगप्रसिद्ध झाले.

पंचांग पाहणाऱ्याला इथली मेख लगेच कळेल. चांद्रमास २९.५३ दिवसांचा, म्हणून महिना कधी २९ दिवसांचा, कधी ३०. अवसेच्या आगेमागे दोन-तीन रात्री चंद्र दिसतच नाही. वर ढगाळ रात्रींची सूट. एवढी मोकळीक घेतली की कुठल्याही खाचांत महिना बसवता येतो. आफ्रिकेतल्या लेबोंबो हाडावर २९ खाचा आहेत, असं कौतुकाने सांगितलं जातं. पण ते हाड एका टोकाला मोडलेलं आहे!

खरा घाव घातला पुरातत्त्वज्ञ फ्रान्चेस्को देरिको यांनी. आकड्यांवर वाद घालण्याऐवजी त्यांनी स्वतः खाचा कोरल्या. एकाच गारगोटीने ओढलेल्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात, हत्यार बदललं की काय बदलतं, हे तपासलं आणि मग हिमयुगाच्या अखेरीच्या, अझीलियन काळातल्या कोरीव गोट्यांकडे वळले. १९८९मध्ये त्यांनी लिहिलं ते असं : ज्या खुणा दिवसेंदिवस साठत गेल्या असं मानलं जातं, त्या एकाच हत्याराने सलग ओढलेल्या आहेत. ही कालगणना म्हणजे मनचे मांडे तर नव्हेत, असा प्रश्न लेखाच्या शीर्षकातच होता. मार्शॅक चिडले, उत्तर-प्रत्युत्तरं झडली.

मला स्वतःला देरिकोंची पद्धत पटते. पण भांडणाचा पुढचा अंक फारसं कुणी सांगत नाही. १९९५मध्ये याच देरिकोंनी फ्रान्समधल्याच ला मार्शचं कोरीव शिंग तपासलं. मार्शॅकनी तेही चंद्राच्या खात्यावर टाकलं होतं. देरिकोंचा निष्कर्ष : खुणांचे आकार आणि त्यांची मांडणी यांत संकेत आहे, ही स्मरणासाठी केलेली नोंदच आहे. कशाची, ते मात्र ठरवता येत नाही.

म्हणजे हिमयुगातला माणूस नोंदी ठेवत होता, या मोठ्या मुद्द्यावर मार्शॅक बरोबर निघाले. त्या नोंदी चंद्राच्याच, हा हट्ट त्यांना नडला. शिकारीची वाटणी, पाहुण्या टोळ्या, गर्भाचे महिने, देणीघेणी : मोजण्यासारखं तेव्हाही पुष्कळ होतं. ‘पहिली दिनदर्शिका’ असा मथळा छापणं सोपं असतं, म्हणून आजही तोच छापला जातो. मार्शॅकची खरी देणगी निराळीच आहे : हाडावरची खूण नुसती मोजू नये, ती कशी ओढली तेही पाहावं, ही सवय त्यांनी लावली आणि तिनेच त्यांना हरवलं.