गाण्यातील मात्रा व बोलण्यातील मात्रा : तालिनच्या गानमहोत्सवानिमित्त एक टिपण

सन २०२५ च्या जुलै महिन्यात, अभ्यासानिमित्त हेलसिंकी येथे काही आठवडे राहिलो असता, मी व माझी पत्नी दोन दिवसांसाठी तालिनला जाऊन आलो. मध्ये फिनलंडचे आखात. अंतर सुमारे ८० किलोमीटर. जहाजास दोन तास पुरतात. एस्टोनियाचा राष्ट्रीय गानमहोत्सव ऐकावयाचा, एवढाच हेतू होता. पत्नीने हिंदुस्थानी कंठसंगीताची तालीम घेतलेली असल्यामुळे हजारो कंठांचे समूहगान उभे कसे राहते, हे तिला पाहावयाचे होते. माझे कुतूहल निराळे होते. ज्या भाषेत शब्दाचा अर्थ ध्वनीच्या लांबीवर अवलंबून असतो, ती भाषा गाण्यात, जेथे लांबी सर्वस्वी चालीच्या स्वाधीन असते, आपला निभाव कसा लावते?

प्रथम त्या भाषेविषयी. एस्टोनियन ही फिनिशची भगिनी. तिचे भाषक सुमारे ११ लाख. ह्रस्व, दीर्घ व प्लुत हे स्वरांचे तीन भेद आपणास पाणिनीपासून परिचित आहेत. परंतु पाणिनीचा प्लुत दूरच्या माणसास हाक मारताना वगैरे, म्हणजे उच्चारणाच्या विशिष्ट प्रसंगी येतो. त्याने शब्दाचा अर्थ पालटत नाही. एस्टोनियनमध्ये मात्र तिसरी पायरी ही शब्दाच्या घडणीतलीच गोष्ट आहे. ‘लिना’ म्हणजे जवसाचे रोप. ‘लिन्ना’ म्हणजे शहराचा. आणि तोच न्-कार आणखी लांबविला (येथे तो ‘लिन्ऽना’ असा दाखवू) की अर्थ होतो शहरात, शहराकडे. व्यंजनाच्या द्वित्वाने अर्थ बदलतो हे मराठी माणसास नवे नाही. गडी निराळा आणि गड्डी निराळी. परंतु द्वित्वाच्याही वरची एक पायरी, आणि तिच्यावर षष्ठी व ‘कोठे’ दाखविणारी विभक्ती यांच्यातील भेद तोलून धरलेला, ही गोष्ट आपल्या कानास अनोळखी आहे.

हा भेद केवळ एका ध्वनीच्या लांबीचा नसून शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांतील प्रमाणाचा आहे, हे इल्से लेहिस्ते यांनी १९६० मध्ये मोजून दाखविले. पहिल्या पायरीत पहिल्या व दुसऱ्या अक्षराच्या कालावधीचे प्रमाण साधारण २:३ असते, दुसऱ्या पायरीत ३:२, आणि तिसऱ्या पायरीत २:१. शिवाय तिसऱ्या पायरीत आवाजाची पट्टी पहिल्या अक्षरातच खाली उतरू लागते. पहिल्या दोन पायऱ्यांत हा उतार दुसऱ्या अक्षराशी येतो. लेहिस्ते या तालिनमध्येच १९२२ साली जन्मल्या, १९४४ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, आणि पुढे अमेरिकेत ओहायो येथे त्यांनी आयुष्यभर अध्यापन केले. मातृभाषेच्या मात्रांचे हे मोजमाप त्यांनी परदेशात बसून केले, हे विसरता येत नाही.

जहाजावरील दोन तासांत मी पत्नीस एवढा पाठ दिला. तालिनला उतरल्यावर त्याची परीक्षा माझीच झाली. ट्रॅमच्या थांब्यावर एका वृद्ध बाईंना, ही गाडी शहरात जाते काय, असे मी मोठ्या तयारीने एस्टोनियनमध्ये विचारले. बाईंना प्रश्न कळला होता, कारण त्यांनी होकारार्थी मान हलविली. परंतु तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. माझा ‘लिन्ना’ त्यांनी ‘लिन्ऽना’ करून मला परत दिला, आणि मी तो नीट उच्चारीपर्यंत वाट पाहिली.

महोत्सवाचा इतिहास थोडक्यात असा. पहिला महोत्सव १८६९ मध्ये टार्टू येथे भरला. गाणारे व वाजविणारे मिळून सुमारे ८०० जण, सर्व पुरुष. मूळ एस्टोनियन अशी गीते त्यात दोनच होती, आणि दोन्ही लिडिया कोइडुला या कवयित्रीची. आता साधारणतः दर पाच वर्षांनी तो तालिनच्या उपसागराकाठी उतरत्या मैदानावर भरतो. मंचावरील भव्य कमान १९६० सालची आहे. कोइडुलाच्या त्या दोन गीतांपैकी ‘मू इसामा ऑन मिनु आर्म’ या गीतास गुस्ताव एर्नेसाक्स यांनी १९४४ मध्ये नवी चाल दिली. १९४७ च्या महोत्सवात ते गायिले गेले, नंतर सोव्हिएत अमलात कार्यक्रमातून वगळले गेले, आणि १९६० मध्ये लोकांनी ते आपण होऊन म्हटले. १९८८ च्या सप्टेंबरात याच मैदानावर लाखोंचा समुदाय लोटला. १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. ‘गाण्याने भाषा वाचविली’ असे जे म्हटले जाते, ते या घटनांच्या आधारे.

आम्ही ६ जुलैचा कार्यक्रम ऐकला. यंदाच्या महोत्सवाचे सूत्रच बोली व स्थानिक वैशिष्ट्ये असे असल्यामुळे माझ्या अपेक्षा वाढलेल्या होत्या. पत्नी नेहमीच्या सवयीने बोटांवर मात्रा मोजत होती, आणि माझ्याकडून शिकलेले मोजके शब्द कानांनी शोधत होती. तासाभराने तिने मला विचारले, की तुमच्या त्या तीन पायऱ्या आहेत कोठे? शब्द ह्रस्व असो वा प्लुत, अक्षरामागे स्वर एक आणि त्याची लांबी चाल सांगेल तेवढी. पट्टीचा उतार म्हणावा, तर पट्टी तर संगीतकाराने आधीच ठरवून ठेवलेली. तिची मात्रा आणि माझी मात्रा एकाच जागेसाठी भांडत होत्या, आणि माझी हरलेली होती.

निरीक्षण बिनतोड होते. गाणे ज्या दोन साधनांनी बनते, ती म्हणजे काल व स्वर. आणि एस्टोनियनचा हा भेद उभा आहे तो नेमका याच दोहोंवर. यान रॉस व लेहिस्ते यांनी १९९४ मध्ये एस्टोनियन शोकगीतांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात गाताना हा तिहेरी भेद लोपतो असेच आढळले आहे. समूहगानात तर तो राखणे अधिकच अवघड. तीस हजार माणसांनी प्रमाण २:१ की ३:२ हे एकाच क्षणी कसे सांभाळावयाचे?

मग ऐकणाऱ्यास कळते कसे? याचे एक उत्तर लिपीत सापडते. स्पर्श व्यंजने सोडली, तर एस्टोनियन लेखनात दुसरी व तिसरी पायरी वेगळी दाखवीतच नाहीत. ‘शहराचा’ व ‘शहरात’ हे दोन्ही शब्द कागदावर एकच दिसतात. वाचकाचे त्यावाचून अडत नाही. वाक्यरचना व प्रसंग यांवरून तो विभक्ती जाणतो. गाण्याच्या श्रोत्याचे तर मुळीच अडत नाही, कारण त्यास गीत बहुधा पाठ असते. किंबहुना तो मजकूर कळून घेण्यासाठी ऐकतच नसतो.

प्राचीन लोकगीतांची, म्हणजे ‘रेगिलाउल’ची गोष्ट मात्र याहून सूक्ष्म आहे. त्यांच्या चरणात आठ स्थाने असतात, आलटून पालटून सबल व दुर्बल. एस्टोनियनमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो. ते अक्षर दीर्घ असेल तर सबल स्थानी बसवावे, ह्रस्व असेल तर दुर्बल स्थानी, असा या छंदाचा जुना दंडक होता. पहिल्या गणात तो शिथिल असे, आणि प्रदेशपरत्वे त्याचे पालनही कमीअधिक आढळते. याचा अर्थ असा, की गाताना जी लांबी गेली तिची काही भरपाई छंदाने केली होती : अक्षर किती वेळ टिकले यावरून नव्हे, तर ते कोठे पडले यावरून त्याचे ह्रस्वत्व ओळखू येई. ही भरपाई अपुरी होती, दुसऱ्या व तिसऱ्या पायरीचा निवाडा तीत होत नसे. तरी ज्यांनी हा छंद घडविला त्यांस अडचण ठाऊक होती, एवढे निश्चित. एकोणिसाव्या शतकातील समूहगीते जर्मन वळणावर रचली गेली, तेव्हा ही सोयही गेली. वेल्यो टोर्मिस (१९३०–२०१७) यांनी रेगिलाउल पुन्हा समूहगानात आणले, त्याचे मोल संगीतज्ञ जाणतातच. छंदःशास्त्राच्या दृष्टीनेही ते मोठे आहे.

तेव्हा गाण्याने भाषा वाचविली हे विधान भाषाशास्त्रज्ञाने जसेच्या तसे स्वीकारू नये, असे माझे मत झाले आहे. चारचौघांत, उघड्या मैदानावर, आपल्या भाषेत एकत्र येण्याचा हक्क गाण्याने वाचविला. तिची ध्वनिव्यवस्था गाण्यात सुरक्षित नव्हती. ती ट्रॅमच्या थांब्यावर सुरक्षित होती. ज्या बाईंनी माझी मात्रा दुरुस्त केली, त्याही कदाचित त्या संध्याकाळी मैदानावर असतील, आणि तोच शब्द चालीत बसवून, मात्रेचा विचार न करता, गात असतील.

या सर्वाचा आपल्याकडील कामाशी संबंध आहे, आणि तो सांगताना मला स्वतःची एक चूक कबूल करावी लागेल. मराठीत इ-कार व उ-कार यांच्या लांबीवर अर्थभेद फारसा टांगलेला नाही. अंत्य स्थानी ते दीर्घ, एरवी बहुधा ह्रस्व, असे स्थानावरून ठरते. आपले अभंग व ओव्या लघुगुरू न पाहता चालतात याचे एक कारण हेही असावे. थोरल्या अभंगाचे ६, ६, ६, ४ हे अक्षरांचे मोजमाप लांबीची विचारपूस करीत नाही. अशा भाषेत गाण्याने लांबी गिळली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि धोका आहे तो तेथेच. काही वर्षांपूर्वी मी दळताना म्हणावयाच्या चाळीस ओव्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून त्या बोलीतील अंत्य स्वरांची लांबी मोजली, आणि ‘येथे अंत्य स्वर मध्य स्वराच्या दुपटीहून लांब’ असा निष्कर्ष एका वर्गात शिकविलाही. मी मोजली ती बोली नव्हतीच. ओळीच्या शेवटी चाल जेथे थांबते, तेथे ती स्वर लांबविते. एवढेच मी मोजले होते. विद्यार्थ्यांनी त्या टिपणांतील तो तक्ता काढून टाकावा.

त्याच ओव्या गाऊन नव्हे, तर बोलून, आणि त्यांतील शब्द साध्या वाक्यांत घालून पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या पाहिजेत. त्याही त्याच आवाजांत, म्हणजे दोन्ही मोजमापे शेजारी ठेवता येतील. मूळच्या सात बायांपैकी तिघी आज हयात आहेत. येत्या दिवाळीच्या सुटीत तेथे जाण्याचे ठरविले आहे. पत्नीही येणार आहे, कारण चालीची मात्रा कोठे संपते हे तिला माझ्याआधी ऐकू येते.