झिजलेली पाउले

आषाढी एकादशी आली की आम्हांस विठुरायाच्या चरणांसवे रोमचे सेंट पीटर्स चर्चही आठवते. कीर्तनानिमित्त परदेशी गेलो असता पेटीवाल्या साथीदारासह आम्ही तेथे गेलो. १५०६ मध्ये पाया घातलेली ही वास्तू १६२६ मध्ये, म्हणजे १२० वर्षांनी, देवार्पण झाली. आत पुरुषांनी मस्तक उघडे ठेवावे, पायी जोडे मात्र चालतात, अशी तेथील रीत. आम्ही दाराशीच अडखळलो. चाळीस वर्षे कीर्तनात देवापुढे मिरविलेली पगडी येथे उतरवावी काय? साथीदार हळूच म्हणाला, "बुवा, ज्याचे घर त्याची रीत." आम्ही पगडी हाती घेतली.

आत संत पीटर यांची आसनस्थ कांस्यमूर्ती आहे. शतकानुशतके यात्रिकांच्या स्पर्शाने तिच्या उजव्या पावलाची बोटे झिजून गुळगुळीत झाली आहेत. ते पाहताच पंढरीची पाउले डोळ्यांपुढे उभी राहिली. तीही अशीच झिजतात, म्हणून त्यांस वज्रलेप करावा लागतो. धातू काय, पाषाण काय, भक्तीपुढे दोन्ही मऊच! उघडे मस्तक आपोआप लवले.

वाचकहो, विठ्ठलचरणी माथा टेकाल तेव्हा, आपल्याआधी तेथे किती मस्तके टेकली, याचे स्मरण असू द्यावे. अभिमान तेथेच गळतो.