पॉइंटवाल्या जुन्या बुलेटचं इग्निशन कमी खर्चात कसं सुधारायचं?

घनसावंगी तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. शेतीची थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की काका बाराच्या सुमारास बुलेट काढतात आणि चार किलोमीटरवरच्या विहिरीवर जाऊन मोटर चालू करतात. गेल्या उन्हाळ्यात या बुलेटने किक खाणं सुरू केलं. दहा किक, पंधरा किक, कधी कधी चालूच नाही. लाइट आठ तास असते आणि त्यातला एक तास किक मारण्यात गेला तर शेवटच्या ओळींना पाणी पोचत नाही. मे महिन्यात मोसंबीला हे परवडत नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे घरच्यांच्या मते मला वायरिंग आलंच पाहिजे. मी पहिलं काम केलं ते तुम्हीही केलं असतं: फोनवर शोधलं. परदेशी कंपन्यांचे जुन्या बुलेटसाठी इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट मिळतात आणि चांगले असतात. कुरिअर-ड्युटी धरून हिशोब पंधरा हजारांच्या आसपास गेला. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. काकांनी लगेच गणित केलं. “तीन क्विंटल सोयाबीन घालायची का या डबीत? आधी बिघडलं काय ते तर बघ लेका!”

काका बरोबर होते. ते कसं, हे समजायला स्पार्क कसा तयार होतो ते बघू.

आपले मिस्त्री ज्याला ‘प्लगला करंट येतो का’ म्हणतात, तो करंट म्हणजे पंधरा-वीस हजार व्होल्टची ठिणगी. बॅटरी तर फक्त १२ व्होल्टची. मधलं काम इग्निशन कॉइल करते. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. प्रायमरी गुंडाळीतून बॅटरीचा प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हा प्रवाह एकदम तोडला की ते क्षेत्र कोसळतं, प्रायमरीत दोन-तीनशे व्होल्टचा झटका बसतो आणि हजारो वेढ्यांच्या सेकंडरीत तोच झटका हजारो व्होल्टचा होतो. म्हणजे स्पार्क प्रवाह चालू करताना पडत नाही, तोडताना पडतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मोटारींसाठी वापरात आणलेली हीच पद्धत १९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागलेल्या बुलेटमध्येही होती, आणि ती पुढे कित्येक वर्षं टिकली.

प्रवाह तोडण्याचं काम करतात ते पॉइंट. दोन छोट्या धातूच्या टिकल्या, कॅमवर फिरणारी एक टाच, आणि एक स्प्रिंग. इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर पॉइंट सेकंदाला २५ वेळा उघडतात. प्रत्येक वेळी तीन-चार अँपिअरचा प्रवाह तुटतो. तुटताना टिकल्यांमध्येच ठिणगी उडू नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. तो खराब झाला की पॉइंट जळतात आणि प्लगला मिळणारी ताकद तिथेच उडून जाते. टाच झिजली तर गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. गाडी चालू होते, पण ओढत नाही आणि तापते.

आता तपासणी. बुलेटवाल्यांकडे एक फुकटचं यंत्र आधीच आहे: हेडलाइटजवळचा अँपिअर मीटर. हेडलाइट बंद ठेवा, चावी चालू करा, डीकॉम्प्रेसर दाबून किक हळूहळू हाताने खाली न्या. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा अजिबात झुकत नसेल तर कॉइलमधून प्रवाहच वाहत नाही: फ्यूज, चावीचा स्विच किंवा काळे पडलेले पॉइंट. कायम मायनसमध्येच अडकून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा त्यांची वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. काकांची पिढी किक कुठे मारायची हे ठरवायला हा काटा बघते. आपण तो बिघाड शोधायलाही वापरू शकतो.

आमचा काटा व्यवस्थित हलत होता, पण झुकत कमी होता. मग तीनशे रुपयांचा मल्टिमीटर काढला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. चावी चालू, पॉइंट मिटलेले, आणि कॉइलच्या प्लस टोकावर १०.४. मधले दोन व्होल्ट तीस वर्षं जुना चावीचा स्विच आणि गंजलेले जोड खात होते. दोन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. १०.४ भागिले १२.६ म्हणजे ०.८३, त्याचा वर्ग साधारण ०.६८. जवळपास एक तृतीयांश स्पार्क स्विचमध्येच मेला होता. अशा गाडीला पंधरा हजारांचा किट लावला असता तर त्यालाही १०.४ व्होल्टच मिळाले असते. उलट बरेच इलेक्ट्रॉनिक किट कमी व्होल्टेजवर पॉइंटपेक्षाही वाईट वागतात. बॅटरी उतरली असताना पॉइंट रडतखडत का होईना स्पार्क देतात, मॉड्यूल सरळ झोपतो.

याचा उपाय म्हणजे चार पायांची साधी हॉर्न रिले, शंभर-दीडशे रुपयांची. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज घालून एक नवी वायर रिलेमार्गे थेट कॉइलला दिली. जुन्या चावीच्या वायरवर आता फक्त रिलेला जागं करण्याचं काम. कॉइलवर १२.४ आले. त्या दिवशी बाकी काहीही बदललं नव्हतं, तरी गाडी चौथ्या किकला चालू झाली.

पुढची तपासणी अर्थिंगची. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल टोक पॉइंटच्या हलत्या हाताला, पॉइंट मिटलेले. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर टिकल्या घाण आहेत किंवा प्लेटचं अर्थिंग कच्चं आहे. बारीक पॉलिश पेपरने टिकल्या घासा, मग त्यांच्यामधून कोरा कागद ओढून काढा, म्हणजे कण राहत नाहीत. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेज लावूनच.

कंडेन्सरसाठी फोन वापरा. अंधार पडल्यावर पॉइंटचं झाकण काढा, गाडी चालू करा आणि स्लो-मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. क्वचित बारीकशी निळी चमक दिसली तर चालेल. प्रत्येक वेळी ठळक पांढरा-निळा लोळ दिसत असेल तर कंडेन्सर गेला. आमचा गेला होता, आणि तो मागच्या वर्षीच बदललेला! बाजारातले स्वस्त कंडेन्सर इंजिनच्या उष्णतेत टिकत नाहीत हा अनेकांचा अनुभव आहे. आम्ही नवा कंडेन्सर पॉइंटच्या गरम डबीतून काढून कॉइलशेजारी बसवला. विजेच्या दृष्टीने जोडणी तीच राहते, फक्त जागा थंड मिळते.

इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण इंजिनिअरचा हात शांत बसत नाही.

पॉइंटची खरी अडचण ही की एकच भाग वेळही सांगतो आणि जड प्रवाहही तोडतो. ही कामं वेगळी केली तर? फोनच्या पॉवर बटणातून बॅटरीचा सगळा प्रवाह जात नाही. बटण फक्त इशारा देतं, काम आतला ट्रान्झिस्टर करतो. इथेही तसंच: पॉइंटमधून पाव अँपिअर जाऊ द्या आणि कॉइलचा प्रवाह सेमीकंडक्टरने तोडा. १२ व्होल्ट आणि ४७ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर घेतला की बरोबर पाव अँपिअर होतो. यापेक्षा फार कमी करू नका, कारण टिकल्या स्वच्छ राहायला थोडा प्रवाह लागतो. एक लॉजिक लक्षात ठेवा: पॉइंट मिटले की इनपुट शून्य होतो आणि तेव्हाच कॉइल चालू हवी. म्हणजे मध्ये एक नॉट गेट, एका छोट्या ट्रान्झिस्टरचं काम. या जोडणीत जुना कंडेन्सर सोडवून ठेवायचा.

मी इथे एक गाढवपणा केला. कॉलेजच्या प्रोजेक्टमधला आयआरएफझेड४४एन मॉसफेट घरात पडला होता, तोच लावला. तो ५५ व्होल्टचा आहे. प्रायमरीला दोन-तीनशे व्होल्टपर्यंत उसळी मारायची असते, आणि हा मॉसफेट त्याआधीच स्वतः वाहू लागतो. प्लगला स्पार्क नाही, मॉसफेट चटका बसेल इतका गरम, आणि दहाव्या किकला कायमचा शॉर्ट. काका खाटेवर बसून बघत होते. काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. इग्निशनसाठीच बनवलेले आयजीबीटी मिळतात, ते साधारण ४०० व्होल्टवर स्वतःला सांभाळतात. तोच घ्या, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा, गेटला किती व्होल्ट चालतात ते डेटाशीटमध्ये बघा. आमचा सगळा डबा सहाशेच्या आत झाला. सोल्डरिंग येत नसेल तर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या.

यात टाच झिजायची ती झिजतेच, टायमिंग अधूनमधून बघावंच लागतं. कास्ट आयर्न ३५० ला पिस्टन टॉपला यायच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला हवेत. वायर सोडवून मल्टिमीटर बीपवर ठेवला की बीप ज्या क्षणी थांबते तो तुमचा स्पार्क. कॅमची झीजही नको असेल, तर मात्र पॉइंट काढून सेन्सर बसवणारा पूर्ण किटच लागतो.

व्हिडिओंमध्ये स्प्लेंडरचा सीडीआय जुन्या गाडीला लावा असा सल्ला दिसतो. त्या सीडीआयला वेगळा पल्सर लागतो, तो बुलेटमध्ये नाही. आरएक्स १०० किंवा सीडी १०० असेल तर तुमच्याकडे पॉइंट नाहीतच, हा लेख तुमच्यासाठी फारसा नाही. जुन्या राजदूत-येझदीवाल्यांनी आधी बॅटरी बघावी: ६ व्होल्टची यंत्रणा असेल तर १२ व्होल्टचा डबा चालणार नाही.

आणि स्पार्क तपासताना प्लगची बॉडी इंजिनला घट्ट टेकवा, कार्बोरेटर गळत नाही ना ते बघा, वायर हातात धरू नका. चावी चालू ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापत राहते.

ट्रान्झिस्टरचा डबा आम्ही साध्या प्लग-सॉकेटने जोडला आहे. रात्री शेतात तो मेला तर सॉकेट ओढायचं, कॉइलची वायर परत पॉइंटला आणि कंडेन्सर जागेवर. काकांना टॉर्चच्या उजेडात हे दोनदा करायला लावलं. दुसऱ्या वेळी त्यांना तीन मिनिटं लागली.