वारा येतो, गारवा येत नाही

दमणगंगेच्या काठच्या राखोलीत वैशाखाचे ऊन आणि कारखान्यांकडे धावणाऱ्या मालमोटारींची धूळ एकदमच घरात शिरतात. काटकसर करून बसविलेले वातानुकूल यंत्र अशाच एका दुपारी घरघरते, वारा सुटतो, गारवा मात्र येत नाही!

‘गॅस संपला’ हे उत्तर आधी कानी पडते. वाचकहो, ते लगेच मानू नये. हा वायू दिव्यातील तेलासारखा जळत नाही; बंद नळीतून तोच तो फिरत राहतो. तो कमी झालाच असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता केलेला भरणा म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

प्रथम वीज बंद करून जाळी धुवावी. ती बुजली की आतील नळ्यांवर बर्फ साचतो, आणि नवल असे की बर्फ वाढतो तसा गारवा घटतो. तो सुरीने खरवडू नये, नळी फुटेल; नुसता पंखा दोन-तीन तास चालवावा. बाहेरच्या अंगाची धूळही मऊ ब्रशाने झाडावी. खोलीतील उष्णता तेथूनच बाहेर पडते.

कॉम्प्रेसर गुणगुणून थांबत असेल, तर विजेचा दाब कमी असेल किंवा कपॅसिटर निकामी झाला असेल. सहलीच्या फिरत्या घराच्या छपरावरील यंत्राचीही बहुधा हीच रडकथा. तेथे लांब तार आणि लहान जनित्र. कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो, म्हणून ते काम जाणत्या कारागिराचेच.

तो गेल्यावर नव्हे, तो असतानाच तापमापक लावावा. यंत्रात शिरणाऱ्या हवेपेक्षा बाहेर येणारी हवा सुमारे ८ ते १२ अंश सेल्सिअसने गार असली, म्हणजे पैसे चुकते करावेत.