राजा-राणीचे गुरू

सावंतवाडीत मोती तलाव आहे. तलावाजवळ राजवाडा आहे. याच गावात चितारआळी आहे. लाकडाची फळे आणि खेळणी करायची, पाट रंगवायचे, हा चितारी लोकांचा पिढीजात धंदा. सगळं घर कामाला लागतं. कोणी लाकूड घासतो, कोणी रंग भरतो.

पूर्वी हे लोक गंजिफाही करीत. गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते. दशावतारी गंजिफांचा संच १२० पत्त्यांचा असतो. मत्स्य, कूर्म, वराह असे दहा अवतार. प्रत्येकाचे बारा पत्ते. कागदाला चिंचोक्याची खळ लावायची, पत्ते गोल कापायचे आणि एकेक चित्र हाताने रंगवायचं. काम फार वेळखाऊ.

पुढे छापील पत्ते आले. ते स्वस्त. मग गंजिफा कोण घेणार? गिऱ्हाईक गेलं, तसे कारागीरही कमी झाले. १९७० च्या सुमारास ही कला जाणणारे एक वृद्ध कारागीर उरले होते. त्यांचं नाव पुंडलिक चितारी. त्यांच्याबरोबर ही विद्याही संपली असती.

पण तसं झालं नाही. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडून गंजिफा शिकले. चितारी गुरू झाले, राजा-राणी शिष्य झाले! पुढे राजवाड्यातच हे काम सुरू झालं. गावच्या कारागिरांना रोजगार मिळाला. आजही तिथं गंजिफा रंगवतात.

तुमच्याही हातात काही कसब असेल. ते तुम्ही कोणाला शिकवलंत?