अर्जदार आजीच असते

दापोऱ्यात काय किंवा मध्य प्रदेशच्या बुऱ्हाणपूर पट्ट्यातल्या कुठल्याही मराठी गावात काय, परदेशातल्या मुलाचं बोलावणं आलं की घरात चर्चा सुरू होते ती त्याच्या पगाराची, त्याच्या घराची आणि त्यानं पाठवायच्या कागदांची. आजी-आजोबांनी सांगितलं तिथे सही करायची आणि केळीची बाग तेवढे दिवस कोण बघणार एवढं ठरवायचं. परदेशवारीबद्दलचे बहुतेक गैरसमज याच एका धारणेतून येतात, असं माझं मत आहे. प्रवास मुलाचा आणि म्हातारी माणसं त्याची पाहुणी, असं घर धरून चालतं. कायदा तसं धरत नाही. पासपोर्ट, व्हिसा, मुक्कामाची मुदत, विमा या प्रत्येक ठिकाणी अर्जदार आजी किंवा आजोबाच असतात, उत्तरं त्यांनीच द्यायची असतात आणि चुकीची किंमतही त्यांनाच मोजावी लागते.

पहिली धास्ती पासपोर्टची. जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, मग आजीचा पासपोर्ट कसा होणार, असं म्हणून कित्येक घरं तिथेच थांबतात. प्रत्यक्षात जन्मदाखल्याची सक्ती 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच आहे. त्याआधी जन्मलेल्यांना जन्मतारीख असलेलं पॅन किंवा मतदार ओळखपत्र चालतं. शिक्षण नसलेल्यांच्या पासपोर्टवर काही देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागण्याची अट पडते खरी, पण वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांना ती लागू नाही. साठीपुढच्यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये दहा टक्के सूटही आहे. खरी अडचण असते ती कागदांवरच्या नावांची. आपल्याकडे बोली मराठी, कागद हिंदीत आणि पासपोर्ट इंग्रजीत. त्यात माहेरचं-सासरचं नाव आणि आधारवर अंदाजानं टाकलेली जन्मतारीख. हे सगळं आधी एकसारखं करून घ्यावं, कारण पुढे व्हिसाच्या अर्जात हीच माहिती जाते.

दुसरा गैरसमज सर्वांत पक्का आहे. मुलानं स्पॉन्सर पत्र आणि बँकेचे कागद पाठवले की व्हिसा मिळतो, असं सर्रास समजलं जातं. अमेरिकेच्या कायद्यातलं 214(बी) हे कलम प्रत्येक पर्यटक अर्जदाराला तिथेच राहायला आलेला माणूस मानून सुरुवात करतं आणि तसं नाही हे पटवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकतं. मुलाच्या निमंत्रणपत्राची अट तिथल्या परराष्ट्र खात्यानं ठेवलेलीच नाही. यावर कोणी म्हणेल की खर्च मुलगा करणार, मग त्याचे कागद नकोत का? जरूर जवळ ठेवावेत. पण त्यातून खर्च कोण करणार एवढंच कळतं. आजोबा परत येतील का, याचं उत्तर त्यांच्या इथल्या आयुष्यात असतं. शेत, घर, इथे असलेली दुसरी मुलं, पेन्शन. शेतीचा कागद म्हणून पलीकडे महाराष्ट्रातले रावेरचे नातेवाईक सातबारा दाखवतील, आपल्याकडे खसरा आणि ऋणपुस्तिका. मध्य प्रदेशातल्या अर्जदारांसाठी मुंबईची अमेरिकन वकिलात आहे आणि तिथे मुलाखत मराठीतही देता येते. ऐंशीच्या घरातल्यांना मुलाखत लागत नाही ही ऐकीव माहिती पूर्वी खरी होती. सप्टेंबर 2025 पासून ती सवलत सरसकट राहिलेली नाही. ऑनलाइन अर्ज एजंटानं भरला तरी त्यातल्या माहितीची जबाबदारी अर्जदाराचीच राहते. म्हणून मुलाखतीआधी आजीला पाठ केलेली वाक्यं देण्यापेक्षा तिच्या अर्जात काय लिहिलंय ते तिला शांतपणे वाचून दाखवणं जास्त उपयोगाचं.

इथेच सर्वांत घातक सल्ला दिला जातो: सुनेच्या बाळंतपणाला चाललेय असं सांगू नका, फिरायला चाललेय म्हणा. मला याचा मनापासून राग येतो, कारण सल्ला देणारा मोकळा राहतो आणि शिक्षा म्हातारीला होते. नातवंडाला भेटायला, बाळंतिणीजवळ राहायला जाणं हा भेटीचा रास्त हेतू आहे. मनाई आहे ती कामाला. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शनात तर थोड्या दिवसांच्या भेटीत नातेवाइकानं मूल सांभाळायला हरकत नाही, मात्र ती आयाची नोकरी होता कामा नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. खरं सांगितल्यावर नकार आला तर, ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. नकार येऊ शकतो. पण 214(बी)खालचा नकार कायमचा नसतो, पुन्हा अर्ज करता येतो. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून व्हिसा मागितल्याचं ठरलं तर मात्र अमेरिकेत प्रवेशाची बंदी आयुष्यभराची असते, आणि विशेष माफी मिळाली तरच ती उठते. शिवाय, सहा महिने आईकडचे आजी-आजोबा आणि पुढचे सहा महिने वडिलांकडचे, अशी पाळी लावून पाळणाघराचा खर्च वाचवायचा बेत असेल, तर अधिकाऱ्यानं शंका घेण्याआधी घरानंच आजीला विचारायला हवं की तिला हे करायचं आहे का.

अमेरिकेच्या व्हिसावर दहा वर्षं लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ चुकीचा लावला जातो. ती मुदत प्रवेश मागण्याची आहे, राहण्याची नव्हे. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती तारीख आय-94 या नोंदीत असते. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी अर्ज करावा लागतो. मुदतीनंतर 180 दिवसांहून जास्त राहून बाहेर पडल्यास तीन वर्षं आणि वर्षाहून जास्त राहिल्यास दहा वर्षं प्रवेश बंद. प्रत्येक देशाचा हिशेब निराळा आहे. युरोपच्या शेंगेन देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस मिळतात, तर कॅनडाच्या सुपर व्हिसावर आई-वडील, आजी-आजोबा एका भेटीत पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. त्यासाठी मुलाचं किंवा नातवाचं ठरावीक उत्पन्न, वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो.

विम्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. मुलाच्या कंपनीचा विमा भेटीला आलेल्या आई-वडिलांना सहसा लागू होत नाही आणि अमेरिकेचं मेडिकेअर पर्यटकांसाठी नाही. पर्यटक विमा घेतला तरी मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार बहुतेक पॉलिसी वगळतात. काही पॉलिसी त्यांचा अचानक उद्भवलेला तीव्र झटका तेवढा धरतात. स्वस्त पॉलिसीत अनेकदा प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कमच मिळते आणि तिथलं बिल तिच्या कितीतरी पुढे जातं. सत्तरीपुढे हप्ता जड जातो हे खरंच आहे, पण तो वाचवायला वय किंवा साखर लपवली तर दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं. निघण्यापूर्वी गावातल्या किंवा बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं असलेली इंग्रजी चिठ्ठी घ्यावी आणि तीन महिन्यांपर्यंत पुरतील एवढी औषधं मूळ पाकिटांतच, हातातल्या बॅगेत ठेवावीत. आणि भेट दुबईतल्या लेकीकडे असेल, तर डब्यातल्या काळ्या मसाल्यात खसखस नाही ना, हे पाहून घ्यावं. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे.