सीमाभागातला संगणक : विंडोज, मॅक की लिनक्स?

एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशी लग्नपत्रिका बेळगाव-निपाणीकडे नवी नाही. मजकूर जुळवणाऱ्याच्या पडद्यावर दोन्ही बाजू नीट दिसतात. तीच फाइल पेन ड्राइव्हवरून घरच्या संगणकात उघडली, की नवरदेवाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा नुसता चिखल. त्यात घरच्या संगणकावर लिनक्स असेल, तर निकाल जागेवरच लागतो : "लिनक्सवर मराठी चालत नाही. फॉरमॅट मारून विंडोज टाका."

आपल्या भागातला हा सगळ्यात पक्का गैरसमज, म्हणून आधी तोच घेतो. ती फाइल नव्याकोऱ्या विंडोज 11 वर उघडून बघा. तिथेही तोच चिखल दिसेल. कारण फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपीचे जुने फॉन्ट काय किंवा कन्नडसाठीच्या नुडीच्या जुन्या आवृत्त्या काय, रोमन अक्षरांच्या जागांवरच देवनागरी किंवा कन्नड आकार बसवतात. संगणकाच्या लेखी तुम्ही रोमन अक्षरंच टाइप केलेली असतात. वरचा मराठी चेहरा फॉन्टचा. फॉन्ट नसला की चेहराही गेला.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीसाठी 128 जागांचा एक गट, कन्नडसाठी 128 जागांचा दुसरा. त्यामुळे मराठीतलं 'निपाणी' आणि कन्नड लिपीतलं 'निप्पाणी' एकाच फाइलीत, एकाच ओळीत सुखाने नांदतात, शोधले की सापडतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तरी बिघडत नाहीत. 2001 च्या विंडोज एक्सपीपासून विंडोजमध्ये या दोन्ही लिप्यांची सोय आहे. आजच्या मॅकवर आहे, लिनक्सवरही आहे.

टायपिंगचंही तसंच. भारतीय मानक ब्यूरोच्या 1991 च्या मानकात आलेला इन्स्क्रिप्ट कळफलक तिन्हींवर मिळतो, आणि त्याची खुबी सीमाभागातल्या माणसाला जितकी उपयोगी तितकी पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही. ध्वनी तोच तर कळ तीच. रोमन 'के'च्या कळीवर मराठीत क, कन्नडमध्येही क. 'जे'च्या कळीवर दोन्हीकडे र. बोटं एकदा बसली की भाषा बदलायची आणि लिहीत राहायचं. 'दऱ्या'मधला अर्धा र येत नाही अशी तक्रार कायम ऐकू येते. तो येतो : शिफ्ट दाबून 'जे', मग 'डी'वरचं हलन्त, मग य, मग काना. ज्यांचा हात कन्नडच्या के. पी. राव कळफलकावर बसला आहे, त्यांना तोही लिनक्सवर मिळतो.

जुन्या फाइली मात्र आपोआप सुधारणार नाहीत. त्या रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. तिथे पहिली वेलांटी, रफार आणि हा अर्धा र हमखास घसरतात, म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळू नका. पत्रिका आणि फ्लेक्सचं कामच कोरल ड्रॉवर चालत असेल, तर विंडोज ठेवा. कोरल विंडोज आणि मॅकवर चालतं, त्याची लिनक्स आवृत्ती आज नाही.

"लिनक्सवर गाणी वाजत नाहीत" हे एके काळी बऱ्याच अंशी खरं होतं. एमपी3 पेटंटच्या कुंपणात होतं, म्हणून कित्येक लिनक्स वितरणं ते सोबत देत नसत. ती पेटंटं 2017 पर्यंत संपली. आता लिनक्स मिंट बसवताना मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण केली आणि व्हीएलसी टाकलं, की घरातला जवळपास सगळा संग्रह वाजतो. उणीव आहे ती पैसे भरून बघायच्या ओटीटीवर : नेटफ्लिक्सचं फोर-के चित्र लिनक्सवर मिळत नाही.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांना सांगतात, "मॅक घेतल्याशिवाय काम उठत नाही." मुद्दा सॉफ्टवेअरचा आहे. फायनल कट प्रो फक्त मॅकवर चालतं, एडियस फक्त विंडोजवर, प्रीमियर प्रो या दोन्हींवर. दा विंची रिझॉल्व्ह तिन्हींवर आहे, पण इथे सावध राहा : त्याची लिनक्सवरची मोफत आवृत्ती एच.264 आणि एच.265 उघडत नाही. मोबाइल आणि बहुतेक कॅमेरे नेमकं तेच चित्रण देतात. ते उघडायला पैसे देऊन स्टुडिओ आवृत्ती घ्यावी लागते, किंवा केडेनलाइव्हसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरावं लागतं. ज्याचा हात एडियसवर बसला आहे, त्याने कुणाच्या सांगण्यावरून मॅकसाठी कर्ज काढू नये. त्याच पैशातला थोडा भाग 16 जीबी रॅम आणि एसएसडीवर घालावा. फरक त्याच दिवशी दिसतो.

विंडोज 10 चं नेहमीचं सुरक्षा पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलं, आणि "आता संगणक भंगारात" असं सरसकट सांगितलं जाऊ लागलं. यंत्र बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात. घरगुती वापरासाठी कंपनीने वर्षभराची वाढीव सोय जाहीर केली, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट जुनी यंत्रंही बाहेर पडतात. मुलांचा अभ्यास, बँक, पत्रं आणि गाणी एवढंच काम असेल, तर अशा यंत्रावर 4 जीबी रॅममध्येही लिनक्स मिंट चालतं. ते घालावं असं माझं स्पष्ट मत आहे. संगणक जोडून देताना 'फुकट' मारून दिलेलं विंडोज फुकट नसतं. त्याचं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रामासोबत काय काय आत येतं, ते घेणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

"लिनक्स इंजिनिअरांसाठी" म्हणणाऱ्यांनी केरळ बघावं. तिथल्या शाळांत दोन लाखांहून जास्त संगणक लिनक्सवर चालतात आणि मुलं त्यावरच शिकतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिबर ऑफिसचे धडे मराठीत आणि कन्नडमध्येही केले आहेत, तेही मोफत.

दुकानात टॅली असेल, किंवा आधारसाठी बोटांचे ठसे घेणारं यंत्र संगणकाला जोडायचं असेल, तर विंडोजच ठेवा. त्यात वाद नको.

बाकीच्यांनी पुसापुशी करण्याआधी 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट घालून संगणक त्यावरून चालू करावा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय येतं का, आवाज येतो का, जुना प्रिंटर ओळखला जातो का, हे अर्ध्या तासात कळतं. काही जुन्या प्रिंटरांना लिनक्सचा ड्रायव्हर मिळत नाही, ते इथेच उघडं पडतं. मग एक कोरी फाइल उघडा, मराठीत 'दऱ्याखोऱ्या' लिहा, भाषा बदलून त्याच ओळीत आपल्या गावाचं नाव कन्नडमध्ये लिहा, आणि फाइल मोबाइलवर पाठवून तिथे उघडून बघा.